दोन टक्क्यांचं दळण

मुलाने दिवाळीत आईला डिजिटल काटा आणून दिला, तेव्हापासून आमच्या घरातली शांतता ग्रॅममध्ये मोजली जाते. त्याआधी दळण डब्यातून गिरणीत जायचं आणि डब्यातूनच परत यायचं. गव्हाचा डबा पीठ होऊन आला की उलट जास्तच भरलेला दिसायचा, कारण पिठात हवा असते. म्हणजे इतकी वर्षं गिरणीवाला आम्हाला आमचंच धान्य देऊन वर हवा फुकट देत होता आणि आम्ही त्यावर खूश होतो. काट्याने घात केला.

"पाच किलो गहू दिले होते. चार किलो नऊशे आलंय," ही म्हणाली.

"म्हणजे शंभर ग्रॅम कमी. पाच किलोत शंभर ग्रॅम... अगं, बरोबर दोन टक्के!"

माझ्या आवाजातला आनंद तिला रुचला नाही. पण माझाही इलाज नव्हता. भोसरी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सँड प्लांटवर मी एकतीस वर्षं काढली आणि दर महिन्याच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात 'हँडलिंग लॉस, २ टक्के' असं लिहीत आलो. पावसाळ्यात दोन, उन्हाळ्यात दोन. नवा एलिव्हेटर बसवला तेव्हा दोन, आणि तोच एलिव्हेटर मोडून पंधरा दिवस घमेल्यांनी वाळू वाहिली तेव्हाही दोनच. इतका जुना सोबती निवृत्तीनंतर अचानक स्वयंपाकघरात भेटला, तर माणूस हरखणारच.

"पण गेले कुठे हे दोन टक्के?"

"हँडलिंगमध्ये."

"हँडलिंग म्हणजे कोण?"

एकतीस वर्षांत तीन मॅनेजर झाले, ऑडिटर तर किती आले नि गेले, आयएसओचं सर्टिफिकेट देणारे दोन दिवस राहून काजू खाऊन गेले. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या सगळ्यांना रकाना भरलेला दिसला की पुरे असायचं.

फाउंड्री म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर लाल लोखंड येतं. प्रत्यक्षात तिथे लोखंड म्हणजे पाहुणा. घरची मंडळी म्हणजे वाळू. किलोभर लोखंड ओतायचं तर चार-पाच किलो वाळू सहज लागते. आमची वाळू यायची कोकणातून, कासार्डे-फोंड्याच्या बाजूची, घाट चढून. तिला चिकटपणा आणणारं बेंटोनाइट कच्छचं. दोघांची सोयरीक भोसरीत. मुलर नावाच्या यंत्रात पाणी घालून हे मिश्रण कणकेसारखं मळायचं, त्याचे साचे करायचे, साच्यात रस ओतायचा, थिजला की नॉकआउटवर साचा फोडायचा. कास्टिंग पुढे चाकणला कुणाच्या तरी गाडीत जाऊन बसतं. वाळू मात्र पुन्हा बेल्टवर, चुंबकाखालून, एलिव्हेटरने वर, चाळणीतून हॉपरमध्ये आणि हॉपरमधून परत मुलरला. दिवसातून किती फेऱ्या व्हायच्या ते वाळूलाच ठाऊक. बायका कणीक बोटाने ओळखतात तशी मी वाळू मुठीत दाबून ओळखायचो. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे नीट उमटले पाहिजेत आणि गोळा मधोमध मोडला पाहिजे. लॅबचा आकडा नंतर यायचा आणि बहुधा माझ्याशी सहमत असायचा.

आता या फेऱ्यांमध्ये माल सांडतो कुठे? बघणाऱ्याला वाटतं, जिथे ढीग दिसतो तिथे. ढीग हा प्रामाणिक असतो. तो दिसतो, त्याच्यावर पाय घसरतो, त्याच्यावरून शिफ्ट-शिफ्टमध्ये भांडण होतं. खरा लबाड निराळा. बेल्ट वरून माल घेऊन जातो, टोकाच्या पुलीवरून टाकतो आणि खालच्या बाजूने रिकामा परत येतो. हा 'रिकामा' शब्द गंमतीचा आहे. ओली, बेंटोनाइटची वाळू बेल्टला चिकटून राहते आणि परतीच्या वाटेवर एकेका रोलरच्या धक्क्याने गळत जाते. बारशाला जेवून निघालेला पाहुणा कसा दारात, जिन्यात, गेटपाशी, मग गाडीच्या काचेतून असा हप्त्याहप्त्याने निरोप घेतो, तसं.

एकदा रात्रपाळीला मी याचा हिशेब मांडला. आमचा बेल्ट ६०० मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला दीड मीटर. म्हणजे तासाला ३,२४० चौरस मीटर बेल्ट पुलीवरून जातो. गुंठ्यात सांगायचं तर ३२ गुंठे. (भोसरीत तासाला ३२ गुंठे म्हटल्यावर आमचा इलेक्ट्रिशियन, ज्याच्या भावकीची जमीन स्पाइन रोडला गेली होती, एकदम सावरून बसला.) आता एका चौरस मीटरला फक्त दहा ग्रॅम वाळू चिकटली असं धरा. दहा ग्रॅम म्हणजे चहातली दोन चमचे साखर. तासाला ३२ किलो झाले. दोन पाळ्यांचे सोळा तास धरले तर पाचशे किलोंच्या वर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दीडशे टन. दोन चमचे साखरेचे दीडशे टन! मी तो कागद सकाळी साहेबांना दाखवला. त्यांनी तो पाहिला, परत पाहिला आणि विचारलं, "पण दोन टक्क्यांत बसतंय ना?"

यावर उपाय आहे. पुलीपाशी स्क्रॅपर बसवतात, तो बेल्टची जीभ घासल्यासारखी वाळू काढून टाकतो. स्क्रॅपर होता आमच्याकडेही. त्याचं पातं झिजलं की बदलायचं असतं. खरेदी खात्याने ते 'पुढच्या तिमाहीत' टाकलं, म्हणून मेन्टेनन्सने जुन्या बेल्टचाच एक तुकडा कापून तारेने बांधला. जुन्या बेल्टच्या रबरात वर्षानुवर्षांचे वाळूचे कण रुतलेले असतात. तो तुकडा नव्या बेल्टला घासायला लागला की सँडपेपर होतो. सहा महिन्यांत नवा बेल्ट सोलून निघाला. पात्याचे पैसे मात्र वाचले होते, आणि ते वाचल्याबद्दल पंधरा ऑगस्टला कुणाला तरी बक्षीसही मिळालं.

एलिव्हेटरची कथा वेगळी. तो म्हणजे उभं रहाटगाडगं. मोटेच्या आणि रहाटाच्या विहिरीवर वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही: गाडगी भरून वर येतात, वर पालथी होतात, थोडं पन्हाळीत पडतं आणि थोडं परत विहिरीत. अमेरिकेत ऑलिव्हर इव्हान्सने १७८० च्या दशकात पट्ट्यावर बादल्या लावून पिठाच्या गिरणीत धान्य माणसाच्या हाताशिवाय वर चढवलं, तेव्हा तेही दळणापायीच. आमच्या एलिव्हेटरच्या बादल्या झिजल्या होत्या आणि पट्टा सैल होता, त्यामुळे वाळू वर जाऊन खाली यायची आणि तळाला, म्हणजे बुटात, साठायची. तीच वाळू तीनदा वर चढायची. वजनात काही घट नव्हती म्हणून तो लॉस धरला जात नव्हता. वीजबिल तिन्ही वेळचं यायचं, पण वीज दुसऱ्या खात्यात होती.

तर "हँडलिंग म्हणजे कोण" याचा छडा लावायला मी गिरणीत गेलो. चिंचवडगावातली जुनी गिरणी. गिरणीवाले मामा भुवयांपर्यंत पांढरे. गिरणी चालू होती आणि मामा हातातल्या लाकडी दांडक्याने वरच्या पत्र्याच्या डब्याला अधूनमधून ठकठक करत होते. माझे डोळे भरून यायचे बाकी राहिले. आमच्या हॉपरलाही हाच उपचार होता, फक्त दांडक्याऐवजी दहा पौंडी घण.

हॉपरचं असं असतं की माल वरून टाकला म्हणजे खालून येईलच, ही आपली समजूत. पाणी तसं वागतं. वाळू, पीठ, सिमेंट वागत नाहीत. १८९५ साली यान्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने धान्याच्या कोठारांवर प्रयोग करून दाखवलं की धान्याचं वजन सगळंच्या सगळं तळावर येत नाही. बराचसा भार घर्षणाने भिंती उचलतात, आणि एका उंचीनंतर वर कितीही ओता, तळाला फारसं कळतच नाही. सरकारी कचेरीत ज्याने वर्ष काढलं आहे त्याला हे शोधायला प्रयोग लागत नाहीत. पुढे अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिकीने आयुष्य याच विषयाला वाहिलं आणि १९६४ साली, हॉपरचा उतार किती, तोंड किती, माल कसा, याचं गणित पुस्तिकेच्या रूपात बांधून दिलं. तोंड लहान असलं किंवा उतार कमी असला की ओला माल तोंडावर स्वतःची कमान बांधून बसतो. गवंड्याला पैसे देऊन इतकी चांगली कमान मिळत नाही. नाहीतर मग मधोमध उंदराच्या बिळासारखं भोक पडतं, तेवढ्यातून माल येतो आणि कडेचा माल वर्षानुवर्षं भिंतीला धरून बसून राहतो. हॉपर भरलेला दिसतो, खाली मोल्डिंगवाले बोंबलत असतात. आपल्याकडे 'पेव फुटणे' असा वाक्प्रचार आहे. न फुटणाऱ्या पेवाला शब्द नाही, हे कोशकारांनी सँड प्लांट पाहिला नसल्याचं लक्षण.

मग घण. घणाचा घाव बसला की कमान कोसळते, सगळे हुश्श करतात. पण पत्र्याला पोचा पडतो. पोचा आतून उंचवटा होतो, उंचवट्यावर वाळू जास्त अडते, जास्त अडली की आणखी घण. आमच्या हॉपरवर इतके पोचे होते की त्यावरून कोणत्या वर्षी पाऊस किती झाला ते सांगता आलं असतं.

"मामा, पाच किलोत शंभर ग्रॅम कमी येतंय," मी म्हणालो.

मामांनी दांडकं थांबवलं नाही. "काका, तुमचं पीठ ह्या भिंतीवर आहे. या, खरवडून न्या."

भिंत खरंच साय धरल्यासारखी झाली होती. पुढे त्यांनी जे सांगितलं ते जेनिकीने ऐकलं असतं तर मान डोलावली असती. गव्हातच शंभरात दहा-बारा भाग पाणी असतं. दगड तापतो, पीठ गरम होऊन पडतं, त्यातली वाफ उडते. टाकी लावायला झाली असेल तर दगड आणखी तापतो. काही पीठ हवेत, काही कापडी पिशवीच्या शिवणीतून बाहेर. आणि काही गिरणीच्या पोटात राहतं, जे पुढच्या गिऱ्हाइकाला जातं. "पण तुम्हाला मागच्याचं आलेलं असतंय की," मामा म्हणाले, "मग फिट्टंफाट."

म्हणून तर बायका डबा ठेवायच्या आधी विचारतात, "आधी काय दळलंत?" बाजरीवर गहू नको, ज्वारीवर चालेल, आणि उपासाचं दळण असेल तर गिरणी झाडल्याशिवाय नकोच. औषधाच्या कारखान्यांत याला लाइन क्लिअरन्स म्हणतात, त्याच्यासाठी फॉर्म असतो आणि सह्या असतात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. त्याच्या कितीतरी आधीपासून या गावातल्या बायका वरईच्या पिठात गव्हाचा कण येऊ नये म्हणून गिरणीच्या दारात पहारा देत होत्या, आणि त्यांच्या तपासणीत नापास झालेली गिरणी महिनाभर ओस पडायची.

मी घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वाफ, भिंत, पोट.

"म्हणजे मामा चोर नाहीत."

"नाहीत."

"मग तुमच्या कंपनीतही चोर नव्हते?"

इथे मी पाणी मागितलं.

वर्षअखेरीला, ३१ मार्चला, ऑडिटर यायचे. बूट पॉलिश केलेले असायचे, आणि वाळूच्या यार्डात आम्ही त्यांना मुद्दाम दुपारी न्यायचो. ढिगाचं वजन कसं मोजणार? शंकू धरायचा. ढिगाचा घेर टेपने मोजायचा, उतार डोळ्याने धरायचा, आकारमान काढायचं, घनमीटरला दीड टन लावायचा. उताराचा कोन इथे देव असतो. दहा मीटर व्यासाचा ढीग घ्या. उतार ३४ अंशांचा धरला तर १३२ टन होतात, ३२ अंशांचा धरला तर १२३ टन. दोन अंशांत नऊ टन, म्हणजे जवळजवळ अर्धा ट्रक. उन्हात उभ्या असलेल्या ऑडिटरला दोन अंश दिसत नाहीत. मी आधी स्टोअरची वही पाहायचो, मग ढीग पाहायचो, आणि ढीग बिचारा वहीला हवा तो कोन धरून बसायचा. हे चोरी नव्हे. कोकणातून निघालेला ट्रक पावसात भिजून आला तर वीस टनांत सवा टन पाणी सहज असायचं, आणि ते आम्ही वाळूच्या भावाने घ्यायचो. उन्हाळ्यात ते उडून जायचं आणि यार्डात वाळू कमी भरायची. शिवाय ट्रकचा फाळका सैल असला तर घाटापासून भोसरीपर्यंत रांगोळी. हे सगळं कागदावर सांगत बसण्यापेक्षा दोन अंश सोपे.

माझे सासरे वजनातल्या घटीच्या हिशेबात मुरलेले होते. चाकणजवळचे शेतकरी, आयुष्यभर चाकणच्या बाजारात कांदा विकला. चाळीत कांदा ठेवला की तो वाळतो, काही सडतो, काहीला कोंब येतो. वैशाखात भरलेली चाळ दिवाळीला तेवढीच निघाली असं कुणाच्या बापजन्मात झालं नाही. त्याबद्दल त्यांची तक्रार नसायची. पण बाजारात वजन झाल्यावर 'कडता' म्हणून पोत्यामागे किलो-दोन किलो कापायचा रिवाज होता, तो त्यांच्या डोक्यात जायचा. "वाळला तो उन्हाने नेला," ते म्हणायचे, "कडता कुणाच्या घरी शिजतो ते मला ठाऊक आहे." एकदा मी त्यांना आमचे दोन टक्के समजावून सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले, मग म्हणाले, "जावईबापू, कडत्याला तुमच्यात इंग्रजी नाव आहे म्हणायचं."

आमच्या प्लांटमध्ये हँडलिंग म्हणजे कोण हे फक्त एका व्यक्तीला माहीत होतं, ती म्हणजे झाडणाऱ्या मावशी. कंत्राटी. बेल्टच्या कोणत्या रोलरखाली किती पडतं, कोणत्या पाळीत जास्त, स्क्रॅपरची तार कधी तुटली, हे त्यांच्या खराट्याला कळायचं. त्यांना कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. त्या रोज गाडा भरभरून वाळू गोळा करायच्या आणि ती, वाया जाऊ नये म्हणून, पुन्हा बेल्टवर टाकली जायची. खळ्यावर शेवटी जे मातीसकट लोटून काढतात त्याला मातेरं म्हणतात. आमच्या मातेऱ्यात गुटख्याच्या पुड्या असायच्या, वडापावचा कागद असायचा, बिडीची थोटकं असायची. हे साच्यात गेलं आणि वर दीड हजार अंशांच्या आसपासचा रस पडला, की जळून वायू होतो आणि कास्टिंगच्या पोटात पोकळी धरतो. ब्लो होल! क्वालिटीवाले भिंगातून पाहायचे, मीटिंग बसायची, भिंतीवर माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढली जायची. मावशी बाहेरून काचेतून पाहायच्या आणि पदराने तोंड झाकायच्या. हसू झाकण्यासाठी असेल, पण धुळीसाठीही.

कारण जी वाळू दिसते ती नाकातच अडते. जी दिसत नाही, अगदी बारीक सिलिका, ती फुप्फुसात उतरते आणि परत येत नाही. सिलिकोसिस म्हणतात त्याला. त्या वजनाला रकाना नव्हता. मावशींना मास्क मिळाला तोवर त्यांची पंधरा वर्षं झाडून झाली होती.

हे मी हिला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "आणि तुमच्या त्या दोनातला अर्धा टक्का आपल्या मोरीत आहे. एकतीस वर्षं तुमचे कपडे धुतलेत. तीनदा पाइप फोडायला लागला."

हा आकडा मी कधी तक्त्यात धरला नव्हता.

शेवटी मुलाने घरघंटी आणली. मामांशी वैर नको आणि शंभर ग्रॅमची चर्चा नको. पहिलं दळण हिने माझ्यावर सोपवलं, "तुमचंच खातं आहे" म्हणून. पाच किलो गहू मोजून घातले. यंत्र गुरगुरलं, मध्येच गहू अडकला; मी सवयीने हाताच्या तळव्याने पत्र्याला दोन दणके दिले, आणि दार नीट लागलेलं नव्हतं हे त्याच क्षणी कळलं. पीठ काट्यावर आलं: चार किलो आठशे ऐंशी.

"एकशे वीस!" ही म्हणाली. माझ्या तोंडून 'दोन पूर्णांक चार' निघणार होतं, ते मी गिळलं.

तिने मात्र काही लिहिलं नाही. मामांच्या भिंतीची गोष्ट तिच्या डोक्यात होती. तिने ब्रश घेतला, यंत्राचा कप्पा उघडला आणि कोपऱ्यांतून झाडून पंचावन्न ग्रॅम काढले. जाळीच्या मागून बारा. फरशीवरून सुपलीत तेवीस, ते तिने वेगळे ठेवले, 'हे मुंग्यांना' म्हणून. वाफेचे म्हणून दहा-पंधरा सोडून दिले. तरी काही उरत होते. तिने ओट्याखाली पाहिलं, गणपतीच्या तसबिरीवर बोट फिरवून पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. चष्मा, भुवया, मिशी, बनियनची बाही.

"हलू नका," ती म्हणाली आणि ब्रश घेऊन काट्यासकट जवळ आली.